काउंटरमागचे मौन : फार्मासिस्टने रुग्णाशी बोलू नये, असा नियम होता तेव्हा

१/
१९५२ साली अमेरिकेतील फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनने, आपली नीतिसंहिता नव्याने लिहिली. तीत एक कलम होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधात काय घटक आहेत आणि त्याचा परिणाम काय होतो, याची चर्चा फार्मासिस्टने रुग्णाशी करू नये. रुग्णाने विचारलेच, तर त्याला डॉक्टरांकडे परत पाठवावे. औषधांचा अभ्यास हाच ज्याचा पेशा, त्याने औषधाविषयी गप्प राहणे हे त्या काळी सदाचाराचे लक्षण मानले जात होते.

२/
हे मौन केवळ संहितेत नव्हते, ते बाटलीवरही होते. त्या काळच्या अमेरिकन औषधाच्या बाटलीवर दुकानाचे नाव असे, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव असे, चिठ्ठीचा क्रमांक असे आणि दिवसातून किती वेळा घ्यावे याची सूचना असे. औषधाचे नाव मात्र बहुधा नसे. आपण रोज काय गिळतो आहोत, हे रुग्णाला ठाऊक असण्याची गरज आहे असे फारसे कोणाला वाटत नव्हते. चार-आठ दिवसांच्या तापात त्याने फार बिघडतही नसे.

३/
पुढच्या काही दशकांत हे मौन मोडले. ते कोणा एका सुधारकाने मोडले नाही, एखाद्या आंदोलनानेही नाही. ते मोडण्यास कारणीभूत ठरले ते आजाराचे बदललेले स्वरूप. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांसारख्या, जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारांनी फार्मासिस्टला बोलायला लावले. पण या कथेत एक दुसरे, अधिक चिवट मौनही आहे. ते हिशेबाच्या वहीतले मौन आहे. आजच्या धाग्यात या दोन्ही मौनांचा माग घेऊ.

४/
प्रथम थोडे मागे जाऊ. औषध लिहून देणारा एक आणि औषध तयार करून देणारा दुसरा, ही विभागणी युरोपात कायद्याने आणण्याचे प्रसिद्ध उदाहरण तेराव्या शतकातील आहे. सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने आपल्या राज्यात वैद्य आणि औषधविक्रेता यांच्या धंद्यातील भागीदारीस मनाई केली. हेतू उघड होता. जो औषध विकून पैसा मिळवतो, त्यानेच कोणते औषध हवे हे ठरवले, तर रुग्ण नागवला जाईल. ही शंका रास्त होती आणि आजही रास्त आहे. ती ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यावे लागेल.

५/
व्यवहारात मात्र ही रेघ कधीच सरळ राहिली नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये विल्यम रोझ नावाचा अपॉथेकरी, म्हणजे औषधे बनवून विकणारा व्यावसायिक, जॉन सील नावाच्या खाटकाला दीर्घकाळ औषधे देत राहिला. सीलला गुण आला नाही, बिल मात्र भले मोठे आले. त्याने कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे धाव घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषध देणे म्हणजे विनापरवाना वैद्यकी करणे होय, असे म्हणत कॉलेजने रोझवर खटला भरला आणि न्यायालयात तो जिंकला. रोझने हाउस ऑफ लॉर्ड्सकडे दाद मागितली. १७०४ साली लॉर्ड्सनी निकाल फिरवला.

६/
या निकालाने अपॉथेकरीला रुग्णास सल्ला देण्याची मोकळीक मिळाली. डॉक्टरांची फी न परवडणाऱ्या गोरगरिबांना दुसरा आधारच नव्हता, हे वास्तव त्यामागे होते. पण एक अट कायम राहिली. अपॉथेकरीने पैसे घ्यायचे ते औषधाचे. सल्ल्याचे वेगळे मोल मागण्याचा अधिकार त्याला नव्हता. म्हणजे बोलता येईल, पण बोलण्याची किंमत बाटलीतूनच वसूल करावी लागेल. साहजिकच बाटल्या अधिक खपवण्याकडे कल गेला. फ्रेडरिकची शंका खरी ठरवणारी व्यवस्था कायद्यानेच उभी केली होती. हिशेबाच्या वहीतले मौन म्हणतो ते हेच.

७/
आता अटलांटिकपलीकडे जाऊ, कारण पुढची कथा मुख्यतः अमेरिकेत घडते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन औषधविक्रेता गावाचा अर्धा वैद्यच होता. खोकला, पोटदुखी, पुरळ अशा तक्रारी घेऊन लोक आधी त्याच्याकडे जात. त्याच फळ्यांवर कर्करोगापासून केसगळतीपर्यंत सर्व काही बरे करण्याचा दावा करणाऱ्या बाटल्याही मांडलेल्या असत आणि कित्येकांत मद्य किंवा अफू असे. या बजबजपुरीतून व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी १८५२ साली फिलाडेल्फियात अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनची स्थापना झाली. डॉक्टरांच्या अधिकारक्षेत्रात पाऊल न टाकणे, ही त्या प्रतिष्ठेची किंमत होती. १९५२ चे मौनकलम हा त्याच सौद्याचा टोकाचा आविष्कार म्हणता येईल.

८/
मौनकलमाच्या आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने डरहॅम-हम्फ्री दुरुस्ती संमत केली. कोणते औषध केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळेल आणि कोणते चिठ्ठीविना, याची कायदेशीर विभागणी या दुरुस्तीने पक्की केली. तोवर हा निर्णय बराचसा उत्पादक कंपन्यांच्या हाती होता. गंमत अशी की, या दुरुस्तीचे दोन्ही जनक मुळात फार्मासिस्ट होते. कार्ल डरहॅम हे नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे औषधांच्या दुकानात काम केलेले लोकप्रतिनिधी. ह्युबर्ट हम्फ्री हे साउथ डकोटातील ह्युरॉन येथे वडिलांच्या दुकानात राबलेले सिनेटर, पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. आपल्याच व्यवसायबंधूंचा अधिकार आखडणारी रेघ या दोघांच्या हातून ओढली गेली.

९/
याच सुमारास फार्मासिस्टच्या हातचे दुसरे कामही सुटत चालले होते. १९३० च्या दशकात बहुतेक चिठ्ठ्यांवरील औषध दुकानातच तयार होई. खलात भुकटी घोटणे, मलम कालवणे, पुड्या बांधणे, मिक्श्चर मोजून बाटलीत भरणे, हे खरे कसब होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातून तयार गोळ्या येऊ लागल्या. १९६० च्या दशकापर्यंत दुकानात औषध बनवावे लागेल अशा चिठ्ठ्या शंभरात अगदी मोजक्या उरल्या. हात रिकामे झाले आणि तोंड बंद होते. मोठ्या बरणीतील गोळ्या मोजून छोट्या बाटलीत भरणे आणि त्यावर कागद चिकटवणे, एवढ्यासाठी विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकायचे कशाला, हा प्रश्न व्यवसायापुढे उभा राहिला.

१०/
उत्तर आले ते अनपेक्षित दिशेने. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मनुष्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता आणि डॉक्टरांना तो दिसतही होता. पण त्यांच्या हाती विश्रांती, पथ्य, गुंगीची औषधे आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे फारसे काही नव्हते. चढता रक्तदाब म्हणजे वयाचा धर्म, असे मानणारे डॉक्टरही तेव्हा कमी नव्हते.

११/
त्यानंतर जेमतेम बारा-तेरा वर्षांत चित्र पालटले. १९५७ मध्ये अपजॉन कंपनीने मधुमेहासाठी तोंडाने घेण्याची टोल्ब्युटामाइडची गोळी अमेरिकेत आणली. १९५८ मध्ये मर्क कंपनीने क्लोरोथायाझाइड बाजारात आणले. सुसह्य आणि रोज घेता येईल अशी रक्तदाबावरची गोळी प्रथमच सर्वसामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली. या गोळ्यांचे वेगळेपण लक्षात घेण्यासारखे आहे. पेनिसिलिन रुग्णाला बरे करून निरोप घेई. या गोळ्या बरे करीत नव्हत्या. त्या आजाराला आवरून धरीत होत्या आणि त्यासाठी त्या रोज, बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागणार होत्या.

१२/
आवरून धरण्याने खरोखर काय साधते, याचा भक्कम पुरावा १९६७ साली मिळाला. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांची पाहणी झाली. त्या सर्वांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ या दरम्यान होता. ७३ जणांना खरी औषधे दिली, ७० जणांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटात पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाची हानी अशा २७ गंभीर घटना घडल्या. औषध घेणाऱ्या गटात केवळ २. वैद्यकाच्या इतिहासात इतका निःसंदिग्ध फरक क्वचित आढळतो.

१३/
म्हणजे गोळी होती आणि पुराव्याची साक्षही होती. तरीही रक्तदाब आटोक्यात येईना. १९७० च्या दशकातील पाहण्यांतून निघालेले चित्र पुढे 'अर्ध्याचा नियम' म्हणून ओळखले गेले. रक्तदाब असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच तो असल्याचे ठाऊक, ठाऊक असलेल्यांपैकी निम्म्यांवरच उपचार चालू आणि उपचार चालू असलेल्यांपैकी निम्म्यांचाच रक्तदाब काबूत. गणित करून पाहा, आठांत एक.

१४/
असे का होई? उच्च रक्तदाब सहसा दुखत नाही. ज्याला काही होत नाही, अशा माणसाने रोज गोळी घ्यायची. त्या काळच्या कित्येक गोळ्यांनी उलट चक्कर येई, वारंवार लघवीला जावे लागे, थकवा वाटे. औषध घेतल्यावर त्रास आणि थांबवल्यावर बरे वाटणे, असा उलटा अनुभव पदरी येई. मग गोळ्या मुकाट्याने बंद होत. डॉक्टरांची भेट काही महिन्यांनी आणि तीही थोड्या मिनिटांची. दोन भेटींमधल्या काळात रुग्णाला नियमाने भेटणारा एकच जाणता मनुष्य होता. दर महिन्याला गोळ्या संपल्या की रुग्ण त्याच्या काउंटरपुढे उभा राहत होता आणि संहिता त्याला गप्प राहा म्हणत होती.

१५/
मौनाला पहिले तडे लहान ठिकाणी गेले. व्हर्जिनिया राज्यातील बेरीव्हिल या छोट्या गावात युजीन व्हाइट यांचे औषधांचे दुकान होते. १९६० साली त्यांनी दुकानातील सोडा फाउंटन आणि किरकोळ माल काढून टाकला आणि जागेला डॉक्टरांच्या दवाखान्यासारखे रूप दिले. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड केले. कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, मागच्या वेळी काय नेले होते, हे सारे त्यावर लिहिलेले असे. आज संगणकावर एका क्षणात दिसणारी ही नोंद तेव्हा नवलाची होती. एका डॉक्टरांचे औषध दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधाशी जुळत नाही, हे तोवर कोणाच्याच नजरेस पडत नसे, कारण दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहण्याची सोयच नव्हती. कार्ड समोर आले की बोलणे अपरिहार्य होते.

१६/
दुसरा तडा सरकारी सेवेत गेला. मूळ अमेरिकन जमातींसाठीची इंडियन हेल्थ सर्व्हिस १९५५ साली सार्वजनिक आरोग्य सेवेकडे सोपवण्यात आली. दूरदूरच्या वस्त्यांत डॉक्टर थोडे आणि रुग्ण फार. तेथे फार्मासिस्टच्या हाती सुटी चिठ्ठी न देता रुग्णाची संपूर्ण आरोग्यनोंद देण्याची आणि त्याने रुग्णाला बाजूच्या खोलीत बसवून बोलण्याची पद्धत १९६० च्या दशकात रुजली. तिचा गाभा तीन प्रश्नांचा आहे. हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले? ते कसे घ्यायला सांगितले? त्याने काय होईल असे सांगितले?

१७/
या प्रश्नांतील शहाणपण पाहण्याजोगे आहे. फार्मासिस्ट व्याख्यान देत नाही, तो रुग्णाला बोलते करतो. रुग्णाच्या उत्तरात जेथे पोकळी दिसते, तेवढीच तो भरतो. डॉक्टरांच्या शब्दाला छेदही जात नाही. आणि हे नेमके येथेच का फुलले, याचे एक कोरडे कारण आहे. हे फार्मासिस्ट पगारी सरकारी नोकर होते. किती गोळ्या खपल्या, याच्याशी त्यांच्या मिळकतीचा संबंध नव्हता. फ्रेडरिकची शंका येथे आपोआप गळून पडली होती.

१८/
१९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर एक प्रयोग सुरू झाला. तळघरातील औषधभांडारात बसणारे फार्मासिस्ट रुग्णांच्या वॉर्डाशेजारी येऊन बसू लागले आणि डॉक्टरांशी औषधयोजनेची चर्चा करू लागले. 'क्लिनिकल फार्मसी' या शाखेच्या जन्मकथेत या नवव्या मजल्याचे नाव आदराने घेतले जाते. अखेर १९६९ मध्ये असोसिएशनने संहिता पुन्हा लिहिली आणि मौनकलम वगळले. सतरा वर्षांपूर्वी जे अनैतिक होते, ते आता कर्तव्याच्या कक्षेत आले.

१९/
परंतु बोलण्याची परवानगी मिळाली म्हणजे रक्तदाब उतरला, असे होत नाही. कॅनडातील हॅमिल्टन येथे डेव्हिड सॅकेट, ब्रायन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलाद कारखान्यातील २३० कामगारांचा अभ्यास केला. काहींना रक्तदाबाविषयी नीट धडे दिले, काहींना कारखान्यातच डॉक्टर उपलब्ध करून दिले. १९७५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. धडे घेतलेले कामगार आजाराविषयी अधिक जाणू लागले, पण त्यामुळे ते गोळ्या अधिक नियमाने घेऊ लागले नाहीत. घरच्या घरी रक्तदाब मोजणे, गोळी रोजच्या सवयीशी बांधून घेणे आणि ठरावीक दिवसांनी कोणीतरी विचारपूस करणे, यांचा उपयोग झाल्याचे त्यांच्या पुढील अभ्यासात दिसले. ज्ञानापेक्षा पाठपुरावा भारी ठरला.

२०/
हाच धडा फार्मासिस्टांच्या संदर्भात त्याआधीच समोर आला होता. जेम्स मॅककेनी आणि सहकाऱ्यांनी डेट्रॉइट शहरात रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केलेला अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना पाच महिने फार्मासिस्ट नियमितपणे भेटला. त्याने गोळ्यांचा हिशेब ठेवला, रक्तदाब मोजला, त्रास विचारला आणि गरज पडल्यास डॉक्टरांना कळवले. या गटात गोळ्या घेण्याचे प्रमाण वाढले आणि रक्तदाब उतरला. मग अभ्यास संपला, फार्मासिस्टची भेट थांबली आणि सुधारणा ओसरली. माझ्या मते या अभ्यासाचा हा शेवटच सर्वांत बोलका आहे. आजार जन्मभराचा असेल, तर सोबतही तितकीच लांब हवी. पण ती सोबत करणाऱ्याला पैसे कोण देणार?

२१/
१९७९ साली वॉशिंग्टन राज्याने डॉक्टरांशी लेखी करार करून, ठरलेल्या मर्यादेत औषधयोजना सुरू करण्याची किंवा बदलण्याची मुभा फार्मासिस्टना दिली. १९९० मध्ये चार्ल्स हेप्लर आणि लिंडा स्ट्रँड यांनी एका गाजलेल्या लेखात मांडले की, फार्मासिस्टची जबाबदारी योग्य गोळी हाती देण्यापाशी संपत नाही, त्या गोळीने रुग्णाचे भले झाले की नाही येथवर ती जाते. त्याच वर्षी झालेल्या केंद्रीय कायद्याने, गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतील रुग्णांना औषधाविषयी समजावून सांगण्याची तयारी फार्मासिस्टने दाखवणे सक्तीचे केले. १९९३ पासून तो अमलात आला. मौन सक्तीचे होते तेथे चाळीस वर्षांत बोलणे सक्तीचे झाले. मात्र कायद्याने त्या वेळेचा मोबदला ठरवला नाही. परिणामी अनेक दुकानांत 'काही विचारायचे आहे का?' हा प्रश्न रजिस्टरवरील एका सहीपुरता उरला.

२२/
मोबदला दिला तर काय होते, हे नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल शहराने दाखवले. हे डरहॅम यांचेच राज्य. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील नगरप्रशासनाने आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी एक योजना आखली. कर्मचाऱ्याने प्रशिक्षित फार्मासिस्टला नियमित भेटायचे, साखरेच्या नोंदी दाखवायच्या, पाय तपासून घ्यायचे. त्या बदल्यात मधुमेहाच्या औषधांसाठी त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागणारा वाटा माफ. फार्मासिस्टला त्याच्या वेळेचे पैसे नगरप्रशासन देणार. काही वर्षांत रुग्णांची साखर सुधारली. औषधांवरील खर्च वाढला, पण रुग्णालयांवरील खर्च त्याहून अधिक घटला आणि आजारपणाच्या रजाही कमी झाल्या. हा उपक्रम 'ॲशव्हिल प्रकल्प' म्हणून गाजला.

२३/
येथे प्रामाणिकपणे दोन आक्षेप नोंदवले पाहिजेत. पहिला असा की, ॲशव्हिलमध्ये सहभागी झालेले कर्मचारी स्वेच्छेने आले होते. जो स्वतःहून येतो, तो मुळातच सुधारण्यास राजी असतो. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासाइतके वजन अशा प्रयोगाला देता येत नाही. दुसरा आक्षेप तेराव्या शतकातला. औषध विकणाऱ्याने औषध सुचवावे काय? वॉशिंग्टनच्या वाटेने गेलेल्या राज्यांनी त्यावर शोधलेला तोडगा असा की, निदान डॉक्टरांनी करावे, मर्यादा लेखी ठरवावी आणि त्या मर्यादेत पाठपुरावा फार्मासिस्टने करावा.

२४/
पहिल्या आक्षेपाचे उत्तर लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांतून आले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांत रक्तदाबाचे प्रमाण फार मोठे आणि डॉक्टरांकडे जाण्याचे प्रमाण कमी. हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ केशकर्तनालये निवडली आणि ती चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली. एका गटात न्हाव्यांनी गिऱ्हाइकांना डॉक्टरांकडे जाण्याचा आणि राहणीमान सुधारण्याचा आग्रह केला. दुसऱ्या गटात फार्मासिस्ट स्वतः केशकर्तनालयात येऊ लागला. त्याने तेथेच रक्तदाब मोजला, डॉक्टरांशी असलेल्या करारानुसार औषधे लिहिली, रक्त तपासले आणि पुन्हा पुन्हा भेटला.

२५/
२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३१९ पुरुष होते. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९.३ अंकांनी उतरला, फार्मासिस्टच्या गटाचा २७ अंकांनी. १३०/८० च्या खाली पोहोचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ११.७ टक्के, तर दुसऱ्यात ६३.६ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. न्हाव्याच्या खुर्चीत जन्मलेला विश्वास, फार्मासिस्टचे ज्ञान आणि डॉक्टरांचा अधिकार, या तिघांची सांगड बसली तेव्हा 'अर्ध्याचा नियम' मोडता आला.

२६/
आता क्षणभर आपल्याकडे पाहू. भारतात १९४८ साली फार्मसी कायदा झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध संयोगाने बनवणे, तयार करणे, मिसळणे आणि देणे ही कामे कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टसाठी राखून ठेवली. क्रियापदे पाहा. सारी हातांची आहेत. आपल्या बोलीतला 'कंपाउंडर' हा शब्दही हेच सांगतो, मिश्रण करणारा. समजावून सांगणे हे काम स्पष्ट शब्दांत आले ते २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत. हातांच्या क्रियापदांपासून वाणीच्या क्रियापदापर्यंतचा हा प्रवास आपल्याकडे ६७ वर्षांचा आहे. पण बिलात आजही गोळ्यांची किंमत असते, समजावण्याची नसते.

२७/
अमेरिकेतही स्थिती फार निराळी नाही. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेत निवडक रुग्णांच्या औषधांचा आढावा घेण्याची तरतूद २००३ च्या कायद्याने झाली. परंतु ज्यांच्या सल्ल्याचे पैसे मेडिकेअर थेट देते, अशा व्यावसायिकांच्या कायदेशीर यादीत अनेक वर्षे प्रयत्न होऊनही फार्मासिस्टचा समावेश झालेला नाही. उत्तम निष्कर्ष हाती आलेले प्रयोग निधी संपताच थांबतात आणि डेट्रॉइटच्या रुग्णांप्रमाणे रक्तदाब पुन्हा चढू लागतो.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेत दिसते ते असे. व्यवसायांच्या मर्यादा निसर्गाने आखलेल्या नसतात. त्या तडजोडींतून, भीतीतून आणि प्रतिष्ठेच्या गणितांतून आखल्या जातात आणि आजार बदलला की अपुऱ्या पडतात. १९५२ चे मौन मोडायला सतरा वर्षे लागली, कारण ते एका संहितेतील एक कलम होते. १७०४ चे मौन अजून पुरते मोडलेले नाही. लॉर्ड्सनी विल्यम रोझला बोलू दिले, त्याच्या बोलण्याचे मोल मात्र ठरवले नाही. जन्मभराच्या आजारात सोबत हेच अर्धे औषध असते आणि त्या अर्ध्या औषधाची किंमत तीनशे वर्षांनंतरही कोणाच्याच बिलात नीट लिहिलेली नाही.

२९/
धागा येथे संपतो. शंका, दुरुस्त्या आणि पुढील विषयांच्या सूचना खाली अवश्य लिहाव्यात. घरात कोणाच्या रोजच्या गोळ्या चालू असतील, तर वरचे तीन प्रश्न त्यांना एकदा विचारून पाहा. तसे करण्यास आता कोणत्याही संहितेची आडकाठी नाही.